हळदीतला जपानी

भावाची मुलगी अभ्यासाला बसली की मोबाईलवर एक गाणं लावते. गाणं आपलं म्हणायला, त्यात कुणी गात नाही. खाली ड्रम, तोही असा की वाजवणाऱ्याला जेवून सुस्ती आलीय. वर जपानी तारांचं वाद्य टुंग, टुंग करत राहतं. मध्येच बांबूच्या बासरीची एक लांब फुंक, आणि या सगळ्यावर जुन्या रेकॉर्डसारखी खरखर. परवा तिने मला समोर बसवून सांगितलं, आत्या, याला लोफाय हिप हॉप म्हणतात, आणि यात जपानची पारंपरिक वाद्यं घातलीत. मी म्हटलं, बाई गं, तू जन्मायच्या आधी तुझ्या बापाच्या हळदीत वाजलंय हे. तिला वाटलं आत्या फेकते. आगरी हळद आणि लोफाय! हसून हसून तिची पुरेवाट झाली. सांगत बसले असते तर तिचा अभ्यास राहिला असता आणि माझे कपडे वाळत घालायचे राहिले असते, म्हणून मी उठले.

तेव्हा मी भिवंडीजवळ राहनाळला एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला होते. भाताची खाचरं एकेक करून पत्र्याखाली गेली होती आणि जिथे आमची आई चिंबोऱ्या शोधायची तिथे कंटेनर उभे राहायचे. गाडी आली की तिची चलानं कॉम्प्युटरवर चढवायची, गाडी सुटली की पुन्हा तेच. काम जड नव्हतं, पण ते संपायचंच नाही. संध्याकाळी शेअर रिक्षात कडेला बसून टेमघरला घरी यायचं, तर पुढे ट्रेलर आडवा. आई आधीच गेलेली. भाऊ टेम्पो चालवायचा, बाप आजारी. भाकऱ्या कुणी थापायच्या हे सांगायला नकोच. माझं लग्न राहून गेलं होतं. का राहिलं हे विचारायला रोज कुणीतरी यायचं, भाकरी थापायला मात्र एक जण येत नव्हता.

ऑफिसात कल्याणहून येणारा एक अकाउंटंट होता. तो सायबर कॅफेत बसून कुठकुठलं संगीत उतरवून घ्यायचा आणि दुपारी हळू आवाजात लावून ठेवायचा. लोफाय वगैरे नाव तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं, तो नुसतं ‘जपानी स्लो’ म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला विचारलं, स्पीकर गेलाय का तुमचा? तर म्हणाला, नाही, ती खरखर मुद्दाम ठेवलीय. म्हटलं, कमाल आहे! भिवंडीत आख्खा जन्म कापडाच्या लूमची खडखड ऐकण्यात जातो आणि हा माणूस पदरमोड करून खरखर आणतो.

पण आठवड्याभरात मला त्या संगीताची सवय झाली. दिवसभर माझ्या टेबलापुढे येणारा प्रत्येक जण घाईत असायचा. ड्रायव्हरला गाडी सोडायची घाई, सुपरवायझरला सही घ्यायची घाई, शेठला तर श्वास घ्यायचीही घाई. त्या सगळ्यांत हे एकच असं होतं की ज्याला माझ्याकडून काही नको होतं. मी थकलेली, ते गाणंही थकलेलं, आमचं जमलं. शेवटी मी त्या अकाउंटंटला एक सीडी करून द्यायला सांगितली. त्याने मार्करने वर ‘जपान’ लिहून दिली.

आता बापाबद्दल सांगते. आमच्यात बापाला अहोजाहो नसतं, तेव्हा कुणी नाक मुरडू नये. आमचा बाबा बेंजो मास्तर होता. बेंजो म्हटलं की शहरातल्या लोकांना भलतंच काहीतरी वाटतं. आमच्याकडचा बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या नखीने तारा छेडायच्या. तो हे शिकला नारपोलीत, लूमवर काम करणाऱ्या एका चाचांकडे. शुक्रवारी लूम बंद असायचे, तेव्हा चाचा कव्वालीत बेंजो वाजवायचे आणि बाबा त्यांच्या मागे सायकलवर पेटी धरून हिंडायचा. चाचा त्याला म्हणायचे की हा बाजा जपानहून बोटीतून आला. बाबा हे आम्हाला सांगायचा तेव्हा आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघून हसायचो, कारण बाबाच्या सांगण्यात नेहमीच चार आणे खरं आणि बारा आणे मीठमसाला असे. पुढे कधीतरी वाचनात आलं की जपानात खरंच तसलं बटणांचं वाद्य आहे आणि आपला बेंजो त्याच्याच घरातला.

आमच्यात लग्न एक वेळ साधं चालेल, पण हळद साधी चालत नाही. सगळी हौस, सगळं नाचणं, जेवणावळ, रुसवेफुगवे हळदीला. आणि एके काळी टेमघरापासून खाडीपर्यंत कुणाचीही हळद ठरली की पहिला प्रश्न असायचा, मास्तर मोकला हाय ना? खाली ढोलकी, ताशा आणि वर बाबाचा बेंजो. त्याची बोटं त्या बटणांवर दिसायचीच नाहीत, इतकी पळायची. म्हाताऱ्या बायका काठी टाकून नाचायच्या. मग डीजे आला. लोकांनी आधी बेंजो आणि डीजे दोन्ही सांगितले, मग नुसता डीजे. बाबाच्या बेंजो पार्टीतले वाजवणारे पांगले. बाबाने त्याचंही फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. वय झालंय म्हणायचा.

मग एका सकाळी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डाव्या हाताची बोटं मात्र जड राहिली. उठायची, पण त्याने मनात आणल्यावर जराशाने. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दाबायला दिला होता. बाबाने तो खिडकीतून फेकला. मी काय पोर हाय का, म्हणाला. मी तो चेंडू तीनदा गटाराच्या कडेवरून उचलून आणला आणि चौथ्यांदा म्हटलं, जाऊ दे, माझी कंबर काय सरकारी आहे? तो दिवसभर खाटेवर पडून असायचा. बेंजो माळ्यावर गोधडीत गुंडाळलेला. त्याचं नाव घरात काढायचं नाही.

अशात एका रविवारी मी ती जपानची सीडी डीव्हीडी प्लेअरला लावली आणि बोंबील साफ करायला बसले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला असेल असं मला वाटलं. थोड्या वेळाने तो तसाच, न वळता म्हणाला, “यो बेंजो कोन वाजवतंय गो? दमलाय बिचारा.”

मी म्हटलं, बेंजो नाही तो, जपानी लोकांचं काहीतरी आहे. त्यावर तो उठून बसला आणि चाचा बोललं ता खरा निगला, एवढंच म्हणाला. मग त्याने तीच गाणी परत लावायला लावली. तो मान कलती करून ऐकत होता आणि त्याच्या डाव्या हाताचं एक बोट चादरीवर उठत होतं, बसत होतं. ड्रमबरोबर नाही, ड्रमच्या जरा मागून. पण या संगीतात ड्रमच असा रेंगाळणारा की मागून आलेलंही वेळेवर आल्यासारखं वाटे. मग हळूच मला म्हणाला, पेटी काड खाली. हात बोंबलांनी बरबटलेले, पाठ मोडलेली, आणि याला आत्ता पेटी हवी. मी तोंडाने त्याचा उद्धार करत स्टुलावर चढले.

त्या दिवसापासून माझ्या मागे एक नवं लचांड लागलं. ड्युटीवरून आले की चप्पल काढायच्या आधी बाबा म्हणायचा, लाव तुजा जपानी. लाईट गेलेली असली तर लाईट यायची वाट बघत पेटी मांडीवर घेऊन बसायचा. नव्या तारा मीच आणल्या, मीच ताणल्या, एक तुटून माझ्या गालाला लागली तेव्हा शिव्याही मीच खाल्ल्या. तो फार काही वाजवायचा नाही. जपानी तार चार सूर वाजवायची, बाबा त्यातला एक धरायचा. मग काही दिवसांनी दोन. भाकरी थापता थापता मला कळायला लागलं होतं की आज त्याचं चौथं बोट उठलं, आज नाही उठलं. न उठलेल्या दिवशी तो जेवायचा नाही. उठलेल्या दिवशी मला हाक मारून दाखवायचा. एकदा मला म्हणाला, यो ड्रम माज्यासाटी थांबतंय, आपल्यातला कोन थांबला असता? मला राग आला. वर्षभर मी काय करत होते? पण राग आला तरी पोटात कुठेतरी बरंही वाटलं.

भाऊ रात्रीचा टेम्पो लावून यायचा आणि पोरं झोपवायला लावल्यासारखं काय लावलंय म्हणायचा. त्याचंही चूक नव्हतं, तोही दिवसभर शिणलेला असायचा. त्याचं लग्न ठरलं आणि घरात खरा तंटा सुरू झाला. भावाचा एक मित्र डीजे होता, त्याची सिस्टीम ठरलेली. बाबा म्हणाला, डीजे आण नायतर आनखी काय आण, पन हलदीला मी वाजवनार. सगळ्या गावाच्या पोरांच्या हळदीत वाजवलं आणि पोटच्या पोराच्या हळदीत हात बांधून बसू? भाऊ टेम्पोची चावी उचलून बाहेर गेला.

नंतर मी ओट्यावर भांडी घासत होते तिथे येऊन तो उभा राहिला. म्हणाला, ताई, तू सांग त्याला. सगळा गाव येणार. ज्यांनी त्याला तेव्हाचा ऐकलाय तेच सगळे येणार. त्याचा हात अडकला तर लोक आधी गप्प बसतील आणि मग हसतील. लोक मला हसू देत, टेम्पोवाल्याला कोण विचारतं, पण बाबाला हसलेलं मला बघवणार नाही. मला त्याचं पटलं. आणि खाटेवरच्याचंही पटत होतं. त्याला हळदीत वाजवू दिलं नाही तर तो परत भिंतीकडे तोंड करणार आणि या वेळी काही तो वळणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

पुढचे कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप माझ्यामार्फत. त्याला सांग, ह्याला सांग. मी म्हटलं, माझ्या कपाळावर तिकीट चिकटवा आणि शिक्का मारा. शेवटी मीच तोड काढली. डीजे सुरू व्हायच्या आधी, दिवेलागणीला, जेव्हा घरच्या बायका हळद लावत असतील आणि अर्धे लोक अजून यायचे असतील, तेव्हा बाबाने एकच वाजवायचं. मागे सीडीतलं तिसरं गाणं, ज्यावर त्याची बोटं नीट चालत होती ते. चुकलं तरी जपानी सांभाळून घेईल. बाबाने मान हलवली. भावाने ताटातून मान वर न करता बरं म्हटलं.

हळदीच्या दिवशी दारात मांडव, मांडवाला उंबराची डहाळी, अंगणाच्या तोंडाशी स्पीकरच्या दोन भिंती रस्त्याकडे तोंड करून उभ्या. त्यांच्या मागच्या बाजूला पाट मांडला होता आणि पाटाच्या अगदी शेजारी बाबाची खुर्ची. बाबाने पांढरा शर्ट घातला होता. बेंजोला लावलेल्या माईकची वायर मी स्वतः डीजेच्या टेबलापर्यंत नेली. सीडी त्याच्या हातात देऊन सांगितलं, तिसरं लावायचं आणि हात नाही लावायचा, जसं आहे तसं वाजू द्यायचं. तो म्हणाला, टेन्शन नको ताई. मी आत हळदीचं ताट आणायला गेले.

मी बाहेर आले तेव्हा सुरू झालं होतं. भाऊ पाटावर, काकू-माम्या त्याला हळद फासताहेत, आणि तो संथ ड्रम. बाबाचा पहिला सूर आला. मग दुसरा, बरोब्बर जागेवर. मी ताट हातात घेऊनच उभी राहिले. लोक मात्र चुळबुळ करत होते. माझ्या वाटण्यापेक्षा बरेच जास्त लोक आले होते. कुणीतरी खोकलं. कुणीतरी विचारलं, हलद हाय का कोन गेलाय?

डीजेने ते ऐकलं असावं. त्याने गर्दीकडे बघितलं, गर्दी उभीच. आणि हळदीत उभी गर्दी बघितली की डीजेचा हात जे रोज करतो तेच त्याने केलं. त्याने गाण्याचा वेग चढवला आणि खालून आपली ढोलकी सोडली.

काय सांगू! तो झोपाळू जपानी एकदम उठून धावायलाच लागला. त्या तारा उंच चढल्या, भराभर वाजायला लागल्या, आणि देवाशपथ सांगते, हुबेहूब बाबाच्या तरुणपणच्या बेंजोसारख्या ऐकू यायला लागल्या. लोकांनी एकच गलका केला. मास्तर, मास्तर करत माणसं मांडवात शिरली. म्हाताऱ्यांनी पदर खोचले. आणि बाबाचा डावा हात त्या सुरांमागे धावला. थोडा वेळ धावला. एक बटण सापडलं, पुढची दोन सुटली, परत एक सापडलं. मग हात एका बटणावर थांबला तो थांबलाच. उजवा हात तेवढा काही वेळ तारांवर खालीवर होत राहिला, मग तोही थांबला. कुणी बघितलं नाही. सगळे नाचत होते. मी डीजेकडे धावले, पण वाटेत माम्यांनी माझे हात धरले, ताट काढून घेतलं आणि मला फेर धरायला लावला. मी नाचत होते आणि रडत होते. त्यांना वाटलं, भावाचं लग्न म्हणून बहिणीला भरून आलंय.

गाणं संपल्यावर डीजेने माईकवर मास्तरांसाठी टाळ्या मागितल्या. टाळ्यांचा पाऊस पडला. एका म्हाताऱ्याने बाबाला मिठीच मारली आणि हात तसाच हाय तुजा म्हणून त्याच्या दोन्ही गालांना हळद लावली. बाबा नुसता हसत होता. मी डीजेला गाठून चार शब्द सुनावले. तो गोंधळला. म्हणाला, ताई, बसलेली हळद उठवली की नाही मी? काकांचीच लाज राखली ना? त्याच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. मी सीडी तेवढी परत मागून घेतली.

एवढ्यात भाऊ पाटावरून उठला. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. तो सरळ बाबाच्या खुर्चीशी आला आणि पायांवर वाकला. बाबाने पाय मागे ओढले.

“पाया नको पडू माज्या,” तो म्हणाला. “तो मी न्हवतो रं. तो जपानी व्हता. माजी बोटं कवाच मागं रायली.”

भाऊ वाकलेलाच होता. मला वाटलं आता हा खचणार. आत्ता कुठे त्याचा बाप गावासमोर जिंकला होता आणि बापच ते काढून घेत होता.

“म्हाईत हाय मना,” भाऊ म्हणाला. “मी बाजूलाच बसलेलो ना. त्या स्पीकरची तोंडं तिकडं. मना तुजाच आयकू येत व्हता.”

बाबाने पेटीच्या बटणांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “आनि थांबलो तवा?”

“तवा पन तुजाच.”

बाबाने डावा हात उचलला. तो भावाच्या डोक्यापर्यंत यायला वेळ लागला. मांडवात परत डीजे सुरू झाला होता, लोक नवरदेवाला सोडा, नाचू द्या म्हणून ओरडत होते. भाऊ तसाच वाकून उभा होता.